पेडलखालचं पीठ

सुकेशनी गेल्याचं सिद्धोधनला कळलं तेव्हा तो ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होता. फोनवर तिचंच नाव आलं. त्यानं झाकण बाजूला ठेवलं, फोन कानाला लावला आणि विचारलं, "निघालीस का?"

पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"साहेब, मी बजरंग बोलायलोय. पेडगावच्या अलीकडं कॅनॉलचा पूल हाय बघा, तिथं माझं टरबुजाचं दुकान हाय. बाई इथं गाडीत बसल्यात. बोलेनात."

"बोलेनात म्हणजे?"

"तुमी या," बजरंग म्हणाला. "लवकर या."

सिद्धोधन परभणीत पाटबंधारे खात्यात कारकून होता. त्याची बायको सुकेशनी पेडगावच्या पलीकडे एका उपकेंद्रात नर्स होती आणि रोज आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीनं जाऊन येऊन करायची. गाडी तिनं घेतलेली, तीच चालवायची. सिद्धोधनला चालवता येत होती, लायसनही होतं, पण त्याचा जीव मोटरसायकलीत होता. गाडीत तो शेजारी बसायचा आणि पाच मिनिटांत डुलक्या द्यायचा.

तो पोहोचला तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली उभी होती. तोंड परभणीकडे. आडवीतिडवी नाही, घाईत लावल्यासारखी नाही, अगदी रोज लावतात तशी. सुकेशनी स्टिअरिंगमागे मान थोडी कलती करून बसली होती. बजरंग तिच्या तोंडावर पाणी मारून थकला होता आणि आता नुसताच टॉवेलनं वारा घालत होता.

"गाडी चालूच व्हती," तो म्हणाला. "चावी मी फिरवली. लय येळ चालू व्हती, पण मला वाटलं बाई फोनवर बोलायल्यात."

दोघातिघांनी मिळून तिला बाहेर काढलं. काढताना तिचा डावा पाय अडला. तो क्लचच्या पेडलवर होता, पेडल पार तळाला टेकलेलं. बजरंगनं वाकून पाय सोडवला. सिद्धोधननं तिचे खांदे धरले होते. त्याची नजर खाली गेली आणि त्याला दिसलं की पाय निघाला तरी पेडल वर आलं नाही. तिथंच, खालीच राहिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि अटॅक सांगितला. मग बोलायचं म्हणून बोलल्यासारखं म्हणाले, "त्रास सुरू झाल्याबरोबर आल्या असत्या तर काहीतरी करता आलं असतं."

ही दोन वाक्यं सिद्धोधनच्या डोक्यात शेजारी शेजारी जाऊन बसली. लय येळ गाडी चालू होती. आणि लगेच आल्या असत्या तर.

जलदान विधी झाला. भंतेजी येऊन गेले, सोयरे येऊन गेले. मुलगी संघप्रिया पुण्याला नोकरीवर परत निघाली. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, ती गाडी देऊन टाका कुणाला तरी. रोज समोर बघत बसू नका." सिद्धोधन हो म्हणाला. घरात तो आणि त्याची आई चांगुणाबाई, अशी दोघं उरली.

गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली होती आणि दारापुढच्या पत्र्याखाली लावली होती. ओढताना न्यूट्रल करावी लागते म्हणून बजरंगच्या पुतण्यानं आधी गिअर तपासला, तर तो पडलेलाच नव्हता. एवढी गोष्ट सिद्धोधनच्या कानावर आली होती. म्हणजे इंजिन चालू होतं, तोंड परभणीकडे होतं, पाय क्लचवर होता आणि गिअर पडलेला नव्हता. तिला निघायचं होतं. मग निघाली का नाही? तिचं शरीर थांबलं की गाडी थांबली? हे कळल्याशिवाय गाडी कुणाला देऊन टाकायची म्हणजे साक्षीदाराला गावाबाहेर काढून देण्यासारखं त्याला वाटत होतं.

तिची पाण्याची बाटली आणि पिशवी काढायला म्हणून त्यानं पहिल्यांदा दार उघडलं. सीट तिच्या उंचीनं पुढे ओढलेली होती, तो बसला तसे गुडघे स्टिअरिंगला लागले. पेडल अजून खालीच होतं. त्यानं पायाचा पंजा खाली घालून ते उचललं. कुर्र असा आवाज करत ते वर आलं आणि राहिलं.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. सकाळी तो दाढी करत असायचा आणि सुकेशनी निघायची तेव्हा बाहेरून तो कुर्र ऐकू यायचा, मग गाडी निघून जायची. वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज. पण तो एकदाच यायचा का पुन्हा पुन्हा, हे काही त्याला आठवेना.

परभणीचा मे महिना. दुपारी बारा ते चार गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. माणसं दारं लावून, खिडक्यांना ओल्या चादरी बांधून पडून असतात. अशाच एका दुपारी तो चटईवर पडला होता आणि बाहेरून कुर्र आलं. लांबलचक. कुणीतरी दमानं पाय दाबावा तसं.

आतल्या खोलीतून चांगुणाबाईचा आवाज आला. "सिद्धा, गाडीत कोण हाय?"

"कुणी नाही, माय. झोप."

"मग हे काय वाजलं?"

तो उठून बाहेर गेला. गाडीला कुलूप होतं, चावी त्याच्या शर्टाच्या खिशात. त्यानं काचेला कपाळ लावून आत पाहिलं. पेडल तळाला गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते परत वर केलं. दुपारी परत आवाज आला. तिसऱ्या दिवशीही. वाऱ्याचं निमित्त द्यावं तर वारा नव्हता. त्या दुपारी उन्हात तापलेला पत्रा तेवढा मधूनमधून वाजायचा, पण पत्र्याचा आवाज वेगळा आणि हा वेगळा.

चौथ्या दिवशी त्यानं बन्सीधर मिस्त्रीला फोन केला.

बन्सीधर सकाळी ऊन चढायच्या आत स्कूटरवर हत्यारांची पिशवी अडकवून आला. तोंडाचा फटकळ माणूस. घरात काय झालंय हे त्याला माहीत होतं. त्यानं दाराशी उभं राहून चांगुणाबाईला हात जोडले, दोन शब्द बोलला आणि मग कामाला लागला तसं त्याचं तोंडही सुटलं.

"साहेब, हे तुमच्या ऑफिसच्या फायलीसारखं हाय. एकदा खाली दबलं की वर येत न्हाई."

"का येत नाही?"

"प्लेट गेली असंल. गिअरबॉक्स उतरवावा लागंल."

"आधी बघ तरी."

"बघायलोच की. तुमी सरकारी मान्सं, तुमाला लगेच पंचनामा पाहिजे."

त्यानं बॉनेट उघडलं. क्लचच्या तेलाच्या डबीत बोट घालून पाहिलं. डबी भरलेली होती. तो जमिनीवर पोतं टाकून गाडीखाली शिरला आणि बराच वेळ तिथंच राहिला. बाहेर आला तेव्हा पहिल्यासारखा खात्रीनं बोलत नव्हता.

"खालचा सिलिंडर कोरडा हाय," तो म्हणाला. "मला वाटलं तिथून गळत असंल. न्हाई गळत."

सिद्धोधनला समजावं म्हणून त्यानं दोन हात एकमेकांसमोर धरले. या गाडीत पेडलपासून क्लचपर्यंत तार नाही, म्हणाला. पेडलच्या मागे वर एक सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी खाली एक. मध्ये पाइप आणि पाइपात तेल. पेडल दाबलं की वरचा सिलिंडर तेल ढकलतो, ते तेल खालच्याला ढकलतं आणि क्लच सुटतो. "तेल हीच तार. तेल सरकलं तर तार तुटल्यासारखं."

मग तो सीटवर बसला आणि चावी फिरवली. बॅटरीत अजून जीव होता. इंजिन लागलं. त्यानं पेडल एकदा दाबलं आणि पहिला गिअर टाकायला गेला. खालून दात खाल्ल्यासारखी करकर आली. गिअर पडेना.

"आता बघा," म्हणून त्यानं पेडल भराभर तीनदा मारलं. कुर्र, कुर्र, कुर्र. आणि दांडा पुढे ढकलला तसा गिअर लोण्यात गेल्यासारखा पडला.

"आता पाय काढू नकोस," सिद्धोधन म्हणाला. कशासाठी म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"काढतच न्हाई. मला बी हेच बघायचंय."

बन्सीधरनं पेडल तळाला दाबून धरलं. क्लच पुरा दाबलेला असताना गाडी जागची हलता कामा नये. थोडा वेळ हललीही नाही. मग अगदी सावकाश, मुंगीच्या पावलानं, ती पुढे सरकू लागली. मिस्त्रीचा पाय तिथंच होता. दोघंही त्या पायाकडे बघत राहिले. गाडी फाटकाकडे ओढ घेत होती. फाटकाला नाक लागायच्या आधी बन्सीधरनं ब्रेक दाबला, इंजिन धक्का खाऊन बंद पडलं.

"वरच्या सिलिंडरचं रबर झिजलंय," तो म्हणाला. "तेल बाहेर येत न्हाई, आतल्या आत मागं सरकायलंय. म्हणून डबी भरलेली. भराभर मारलं तर सरकायच्या आधी दाब धरतंय, म्हणून गिअर पडला. एकदाच दाबलं तर न्हाई."

सिद्धोधन गाडीच्या दारात उभा होता. त्यानं विचारलं, "हे एका दिवसात होतं?"

"न्हाई वो. महिना महिना चालतंय असं. हळूहळू बिघडतंय."

"मग त्या दिवशी, तीनदा मारलं असतं तर गाडी निघाली असती?"

बन्सीधर हात पुसत होता. तो थांबला. "निघाली असती. माहीत असतं तर."

"आणि माहीत नसतं तर?"

"तर बसून ऱ्हायचं," तो म्हणाला, आणि खाली बघून हत्यारं गोळा करू लागला.

जाताना त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. वरचाच सिलिंडर गेलाय हे नक्की करायला हवं. तो बाहेरूनही थोडा गळत असेल तर तेल पेडलच्या दांड्यावरून खाली उतरणार. पण मॅट काळी आणि तेल जवळपास पाण्यासारखं, साध्या नजरेला दिसायचं नाही. "पेडलच्या खाली पीठ पसरा. बारीक. थेंब पडला की पिठात ओल धरते. दिवसभर असू द्या, मी सांच्याला सिलिंडर घेऊनच येतो."

सिद्धोधननं स्वयंपाकघरातून ताटलीत ज्वारीचं पीठ घेतलं. गाडीचं दार उघडून तो वाकला आणि मॅटवर मूठ मूठ पसरू लागला. मागून चांगुणाबाईची काठी वाजली.

"काय करायलास?"

"पीठ टाकतोय, माय."

त्यानं मागे वळून पाहिलं तर ती पत्र्याच्या खांबाला धरून उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"सिद्धा, हे कुठं शिकलास तू?"

"मिस्त्रीनं सांगितलं. तेल गळतं का बघायला."

"मला नको शिकवू," ती म्हणाली. "माणूस गेलं की जिथं गेलं तिथं पीठ पसरायचे. वर टोपलं झाकायचे. सकाळी बघायचे काय उमटलं. गेलेलं माणूस कशाच्या जन्माला गेलं ते कळतंय म्हणायचे. मी ल्हान असताना बघितलंय हे, आमच्या गंगाखेडला. मग आमी धर्म घेतला. माझ्या बापानं घरातले सगळे देव पोत्यात भरून गंगेत सोडले अन हे असलं सगळं बंद केलं. अन तू शिकलेला माणूस, भर दिवसा, तिच्या गाडीत."

"माय, खरंच तेलासाठी आहे. बन्सीधरला विचार."

"बन्सीधर काय सांगंल," ती म्हणाली. काठी टेकत घरात गेली. सिद्धोधन तसाच वाकून बसला होता. थोड्या वेळानं ती परत आली. हातात चाळण होती.

"चाळून टाक," ती म्हणाली. "जाड पिठात काय बी उमटत न्हाई."

त्यानं चाळून टाकलं. पायाखालची सगळी जागा पांढरी झाली. मॅट दिसेनाशी झाली. मग त्यानं पेडल हातानं वर उचललं, ते राहिलं हे पाहिलं, दार लावलं, कुलूप घातलं. काचा वर होत्या. चावी खिशात ठेवली. त्या दिवशी त्यानं रजा टाकली होती.

दुपारी दोघंही झोपली नाहीत. चांगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती, सिद्धोधन दाराजवळ. पंखा गरम हवा खाली ढकलत होता. बारा वाजून गेले असतील. पत्रा एकदा वाजला. मग बाहेरून कुर्र आलं.

चांगुणाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

थोड्या वेळानं परत कुर्र. आणि मग तिसऱ्यांदा.

"थांबलं," चांगुणाबाई म्हणाली.

तो उठला नाही. ऊन उतरेपर्यंत तो तिथंच बसून राहिला. भीती वाटत होती म्हणावं तर तसंही नव्हतं. सकाळी तो दाढी करत असताना सुकेशनी बाहेर गाडीत असायची आणि त्याला आत ऐकू यायचं, अगदी तसंच वाटत होतं. फक्त त्यानंतर गाडी निघून जाण्याचा आवाज आला नव्हता.

उन्हं कलल्यावर त्यानं कुलूप उघडलं. पेडल खाली होतं. त्यानं ते वर केलं आणि वाकून पाहिलं.

पीठ कोरडं होतं. थेंब नाही, ओल नाही. पेडलच्या रबरावर आडव्या रेघा असतात, त्या रेघा पिठात उमटल्या होत्या. पेडल आपोआप खाली आलं तर त्याचा ठसा उमटणार, यात नवल नव्हतं. पण ठसा एक नव्हता. तीन होते, एकावर एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित बाजूला. दोन उथळ. तिसरा खोल, मॅट दिसेपर्यंत.

चांगुणाबाई त्याच्या खांद्याला धरून वाकली. बराच वेळ तिनं पाहिलं.

"माझी आजी गेली तेव्हा पाखराचं पाऊल आलं म्हणून सांगायचे," ती म्हणाली. "हे पाखराचं न्हाई."

"पेडलचं आहे, माय."

"ते दिसायलंय मला," ती म्हणाली. आणि काठी शोधत मागे फिरली.

बन्सीधर संध्याकाळी नवा सिलिंडर खोक्यात घेऊन आला. त्यानं पीठ पाहिलं. "कोरडं हाय म्हणजे आतलंच रबर," असं म्हणत तो सीटवर बसायला निघाला, आणि मग ठसे पाहून अर्ध्यातच थांबला.

"तुमी मारलं का पेडल?"

"नाही. दाराला कुलूप होतं."

"आईंनी?"

"तिच्याकडे चावी नाही."

बन्सीधरनं डोकं खाजवलं. "उन्हानं पाइपातली हवा फुगत असंल," तो म्हणाला. "फुगली की पेडल वर, निवली की खाली. असं होत असंल."

"भर दुपारी निवते?"

"मग पेडलची बुश झिजली असंल, पेडल डुलतंय. म्हणून ठसे बाजूला गेले." तो हे म्हणाला खरं, पण सकाळसारखी एकही चेष्टा त्याच्या तोंडून निघाली नाही आणि तो सीटवर काही बसला नाही. "बसवू का आत्ता? अर्ध्या तासाचं काम हाय. बसवलं की पेडल वरच ऱ्हाईल. परत खाली यायचं न्हाई."

सिद्धोधननं खोकं हातात घेतलं. लहानसं, पण वजनाला भारी होतं. "आज नको," तो म्हणाला.

"साहेब, ठेवून उपयोग न्हाई. एखाद दिवशी रस्त्यात बसवून ठेवील."

"उद्या एकदा पेडगावकडे जाऊन येतो. मग सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मॅट तशीच्या तशी, पीठ सांडू न देता, उचलून बाजूला ठेवली. सीट मागे ओढली नाही. गुडघे वर घेऊन, अवघडून तो स्टिअरिंगमागे बसला, पेडल तीनदा मारलं आणि गाडी रस्त्यावर काढली. प्रत्येक गिअरला तीनदा मारत, मागच्यांचे हॉर्न खात तो कॅनॉलचा पूल ओलांडून आला आणि गाडी वळवून कडुलिंबाखाली परभणीकडे तोंड करून थांबला.

बजरंग टरबुजांवर पाणी शिंपडत होता. गाडी ओळखून तो जागचा हललाच नाही. मग सिद्धोधन उतरल्यावर जवळ आला.

"मला वाटलं बाईच आल्या," तो म्हणाला.

त्यानं बाजेवर पोतं झटकून सिद्धोधनला बसायला दिलं, टरबूज कापून पुढे ठेवलं. बाई रोज इथं थांबायच्या, म्हणाला. नातवाचे डोस, सुनेच्या गोळ्या, सगळं त्याच बघायच्या. सिद्धोधननं फोड हातात धरली होती, खाल्ली नव्हती.

"मामा, एक विचारायचं होतं. ती इथून निघताना गाडी कशी काढायची? पाय एकदा दाबायची, की पुन्हा पुन्हा?"

बजरंगला हसू आलं. "मशीन चालवल्यावानी," तो म्हणाला. "मी चेष्टा करायचो, बाई, ब्लाउज शिवायल्यात का गाडी चालवायल्यात? तर म्हणायच्या, मामा, ही एका हाकेत ऐकत न्हाई, तीनदा सांगावं लागतंय. आमच्या साहेबावरच गेलीय."

सिद्धोधन खाली बघत होता.

"राग नका मानू," बजरंग म्हणाला.

"राग कशाचा. किती दिवसांपासून चाललं होतं?"

"उन्हाळा लागल्यापासून. मी म्हणलं, मिस्त्रीला दाखवा की. म्हणल्या, लसीकरणाची गडबड हाय, संपलं की दाखवते."

म्हणजे तिला माहीत होतं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत सिद्धोधन थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच छातीवरचं काही हललं असं त्याला वाटलं. तिला माहीत होतं, म्हणजे गाडीनं तिला अडवलं नव्हतं.

मग त्यानं विचारलं, "आणि त्या दिवशी?"

बजरंग त्या झाडाखालच्या गाडीकडे बघत होता.

"त्या दिवशी एकदाच आवाज आला," तो म्हणाला. "करकर असा. गिअरचा. मी वर बघितलं, म्हणलं आता बाई मशीन चालवणार. पण न्हाई चालवली. तशाच बसल्या. मग मी गिऱ्हाईकाकडं वळलो."

सिद्धोधननं फोड ताटलीत ठेवली.

तिला त्रास होत होता. गाडी इथं लावल्यावर वाढला असेल, आणि तिनं परभणीला निघायचं ठरवलं असेल. नर्सच ती, काय होतंय ते तिला इतरांआधी कळलं असणार. चावी फिरवली. पेडल दाबलं. गिअर पडला नाही. आता आणखी दोनदा दाबायचं हे तिला माहीत होतं, रोज तेच करायची. पण अंगात तेवढंच उरलं होतं. एकदा दाबण्यापुरतं. क्लच धड असता तर एकदाच पुरलं असतं.

त्यानं बजरंगचा निरोप घेतला आणि गाडीत बसला. चावी फिरवली. पेडल एकदा दाबून पाय तसाच ठेवला आणि गिअर टाकायला गेला. करकर झाली. टरबुजांपाशी उभा असलेला बजरंग दचकून इकडे बघू लागला, ते त्याला आरशात दिसलं. त्यानं पाय उचलून परत दाबलं. आणखी एकदा दाबायचं राहिलं होतं. त्यासाठी तो पाय वर घेत होता, पेडल त्याच्या तळव्याला लागून वर आलं, आणि मग तळव्यापासून सुटून त्याच्या पायाच्या आधी खाली गेलं. कुर्र.

त्याचा पाय हवेत होता. पेडल तळाला होतं.

मग त्यानं पाय सावकाश पेडलवर टेकवला, जोर न देता, नुसता ठेवल्यासारखा. गिअरचा दांडा पुढे केला. गिअर पडला. गाडी आपणहून, हळूहळू, परभणीकडे सरकू लागली. त्यानं तिला सरकू दिलं. पुलावर चढेपर्यंत त्यानं पाय उचलला नाही.

घरी चांगुणाबाई पत्र्याखाली उभी होती. गाडी नीट आत आली हे पाहून तिनं विचारलं, "कळलं का काय?"

"कळलं," तो म्हणाला.

ती बाजूला ठेवलेल्या मॅटकडे बोट करून म्हणाली, "पीठ झटकू का हे? मुंग्या लागतील."

"राहू दे, माय."

"ऱ्हाऊ दे तर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून मॅटभोवती हळदीची रेघ ओढून आली.

बन्सीधरचा फोन येऊन गेला. कधी बसवू म्हणून विचारत होता. सिद्धोधननं सांगतो म्हटलं. संघप्रियाचाही आला, गाडीला गिऱ्हाईक बघितलं का म्हणून. तिला त्यानं क्लचचं काम निघालंय एवढंच सांगितलं.

दुपारी आवाज येतो. चांगुणाबाई आता गाडीत कोण आहे म्हणून विचारत नाही, फक्त पदर डोक्यावर घेते. सिद्धोधन दारात बसून तिन्ही वेळा ऐकतो. सांजेला तो चावी घेऊन जातो आणि पेडल हातानं वर करून ठेवतो.

नवा सिलिंडर खोक्यात आहे, तिच्या पिशवीशेजारी कपाटावर. तो बसवायचा राहिला आहे.